बल्गेरियन बायकांचा वृंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या श्रवणगटात दर महिन्याला कोणीतरी आपल्या आवडीचं संगीत घेऊन येतं. माझी पाळी आली तेव्हा मी बल्गेरियातल्या स्त्रियांचा वृंद लावला आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच हॉलमध्ये दोन तट पडले. एक तट डोळे मिटून बसला, दुसरा माझ्याकडे बघत बसला. एका काकूंनी हळूच विचारलं, "याचा आवाज जरा कमी होतो का गं?" तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

हा वृंद नेमका कोणता?

बल्गेरियाची राजधानी सोफिया. तिथल्या सरकारी रेडिओने १९५२ साली लोकगीतं गाणाऱ्या स्त्रियांचा एक वृंद उभा केला. पुढे टेलिव्हिजनचंही नाव त्याला जोडलं गेलं आणि आगगाडीएवढं लांब सरकारी नाव तयार झालं. जगाला मात्र तो एका फ्रेंच नावाने माहीत आहे: 'ल मिस्तेर दे व्वा ब्यूल्गार', म्हणजे बल्गेरियन आवाजांचं गूढ. हे मुळात एका रेकॉर्डचं नाव. रेकॉर्ड इतकी गाजली की पुढे वृंदानेच ते स्वतःला लावून घेतलं. १९८८ पासून संचालनाची सूत्रं दोरा ह्रिस्तोवा यांच्याकडे आली. मंचावर साधारण वीस-बावीस जणी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या प्रांताचा पोशाख असतो. एकसारख्या साड्या नेसलेला वृंद बघायची सवय असलेल्या आपल्याला हे आधी जरा विस्कळीत वाटतं. पण त्या भरतकामाच्या झग्यांवरूनच कोण कुठली हे जाणकाराला कळतं आणि पुढे ऐकू येणारं गाणंही असंच ठिकठिकाणचं असतं.

'गूढ' कसलं? काही धार्मिक, तांत्रिक आहे का?

नाही हो. मार्सेल सेलिए नावाचे एक स्विस संगीतप्रेमी होते. ऑर्गन वाजवायचे आणि पूर्व युरोपात फिरून लोकसंगीत गोळा करायचे. बल्गेरियन रेडिओच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणं आणि काही इतर मिळून त्यांनी १९७५ मध्ये एक रेकॉर्ड काढली आणि तिला हे नाव दिलं. नाव म्हणून झकास आहे, विक्रीलाही चांगलं. पण त्या नावाने एक घोळ करून ठेवला. ऐकणाऱ्याला वाटतं, डोंगरातल्या कुठल्याशा गावात हजार वर्षं हे असंच चालू आहे आणि कोणीतरी चोरून टेप करून आणलं. प्रत्यक्षात त्या नोकरी करणाऱ्या व्यावसायिक गायिका होत्या. रोज तालमी असत, हातात कागद असत, समोर संचालक असे. माझ्या मते यातलं थक्क करणारं सगळं त्या तालमींमध्ये आहे आणि त्यामुळे गाण्याची गोडी तसूभरही कमी होत नाही.

म्हणजे ही खरी लोकगीतं नाहीत?

चाल आणि शब्द बहुतेक वेळा गावातले. त्याभोवतीची बांधणी शहरातल्या शिकलेल्या संगीतकारांची. ही दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत आणि हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक त्यातलं एकच ऐकून घेतात.

या सगळ्याच्या मुळाशी फिलिप कुतेव (१९०३–१९८२) हे नाव आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला संगीतकार. १९५१ मध्ये त्यांनी लोकगीत-लोकनृत्यांचा पहिला मोठा सरकारी संच बांधला. गावोगावच्या गाणाऱ्या बायका निवडल्या. त्यांच्यापैकी अनेकींना स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण शेकडो गाणी पाठ होती. गावात हे गाणं एका आवाजात चालायचं, काही भागांत दोन. कुतेव आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी ते चार, सहा, कधी आठ आवाजांत मांडलं. पण एक गोष्ट त्यांनी हट्टाने राखली: गळा बदलायचा नाही. ऑपेराच्या गायिकेसारखा गोल, झाकलेला आवाज लावायला शिकवायचं नाही. गावात जसा लावतात तसाच लावायचा. या एका निर्णयामुळे हा वृंद जगातल्या इतर वृंदांपासून वेगळा पडला. आपल्याकडे लोकगीत मंचावर आलं की पहिली कुऱ्हाड गळ्यावरच पडते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तुलनेसाठी आपल्या जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी कार्यकर्त्यांच्या साथीने महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तिथे भर होता बाई जे म्हणते ते जसंच्या तसं नोंदवण्यावर. कुतेवांनी दुसरी वाट धरली. गोळा केलं, मग त्यावर रचलं. एकाला अभिलेख म्हणू, दुसऱ्याला कला म्हणू. दोन्ही हवंच. घोटाळा होतो तो दुसऱ्यावर पहिल्याची पाटी लावली की.

त्या किंचाळतात का?

हा प्रश्न इतक्यांदा आला की मला आता राग येत नाही. नाही, किंचाळत नाहीत. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचेल असा आवाज लावतात. छातीतून येणारा, मोकळ्या गळ्याचा, पुढे, दातांच्या लगेच मागे आणून ठेवलेला. कंप जवळजवळ नाही. स्वर ताठ उभा राहतो.

मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा जो उपस्वर असतो, त्याच्याशी तोंडाच्या पोकळीचा नाद जुळवून घेतला की कमी श्रमात आवाज धारदार होतो. त्या गायिका तोंडाचा आणि जिभेचा आकार सांभाळून हे साधतात. कोणी त्यांना हे समीकरण शिकवलेलं नसतं. आईने किंवा आजीने "असं म्हण" म्हणून म्हणून दाखवलेलं असतं. किंचाळण्यात गळा आवळला जातो. इथे तो उघडा असतो, म्हणून दोन तास गाऊनही बसत नाही.

मध्येच ओळीच्या शेवटी "ईऽऽ" करून आवाज वर उडी मारतो आणि तुटतो. ती चूक नाही, अलंकार आहे. आपल्या खटका-मुरकीला परक्या माणसाने चूक म्हणावं तसंच ते होईल.

दोन आवाज एकमेकांना घासतात, बेसूर वाटतं. मुद्दाम का?

मुद्दाम. आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आपण एका वेळी एकच स्वर ऐकायला वाढलेलो. खाली तानपुऱ्याचा सा-प असतो, त्यावर एकटा गळा फिरतो. पाश्चात्त्य वृंदात एका वेळी अनेक स्वर असतात, पण ते सहसा एकमेकांशी गोड बोलतात: सा बरोबर ग, ग बरोबर प. गोव्यातला मांडो ऐकला असेल तर हे ओळखीचं आहे. तिथे दुसरा आवाज पहिल्याच्या हातात हात घालून, बहुधा तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतरावरून चालतो.

सोफियाच्या आसपास राहणाऱ्या शोप लोकांच्या बायका याच्या उलट करतात. एकीने सा धरला की दुसरी येऊन बरोबर रे वर उभी राहते. आणि तिथेच राहते. पुढे जाऊन गोड जागी उतरायची तिला मुळीच घाई नसते.

तानपुरा लावताना दोन तारा जवळजवळ जुळल्या की "वाँव-वाँव" असे हेलकावे येतात ना? दोन कंपनसंख्यांमध्ये जितका फरक, तितके हेलकावे दर सेकंदाला. आता सा २४० धरला तर शुद्ध रे २७०. फरक ३०. म्हणजे सेकंदाला तीस हेलकावे. इतके जलद हेलकावे वेगवेगळे मोजता येत नाहीत, ते खरखर म्हणून कानाला लागतात. आणि आवाज ताठ, कंपविरहित असतील तर त्या खरखरीत चकाकी येते, घंटेवर टोला पडल्यावर येते तशी. शोप गायिका स्वतःही चांगल्या जोडीचं वर्णन करताना घंटेचीच उपमा देतात. तीच जागा थरथरत्या, मऊ आवाजात गायली तर नुसता गोंधळ उरतो. म्हणून मघाशी गळ्याबद्दल इतकं बोलले.

थोडक्यात काय, त्यांच्या कानाला सा-रे एकत्र हा विसंवाद नाहीच. ती घरी परत आल्याची जागा आहे.

सगळी गाणी अशीच घासणारी असतात का?

अजिबात नाही. पहिल्या सत्रात मी दोन शोप गाणी पाठोपाठ लावली, तो माझा मूर्खपणा होता. या वृंदाचा गाण्यांचा साठा प्रांताप्रांताने बदलतो आणि बल्गेरिया महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान असूनही दर डोंगरामागे गाणं वेगळं होतं.

दक्षिणेकडच्या रोदोपी डोंगरांतली गाणी संथ, लांब पल्ल्याची आणि बरीचशी पाच स्वरांतली. ती ऐकताना कधी दुर्गा आठवतो, कधी धानी. पहिल्यांदा ऐकणाऱ्या आपल्या माणसाला मी आता तिथूनच सुरुवात करून देते. थ्रेसच्या सपाट मुलखातली गाणी एका आवाजाची, पण नक्षीदार: स्वर सरळ जागेवर येतच नाही, आजूबाजूचे कण गोळा करत येतो. काळ्या समुद्राजवळच्या स्त्रांजाची गाणी त्याच कुळातली आणि जास्त उदास. यांका रुपकिना तिथल्या. त्यांचं 'कालिमान्कू देन्कू' एकदा तरी ऐका. एकच बाई गाते आणि मागे सगळा वृंद ढगासारखा उभा. ही मांडणी क्रासिमीर क्युर्कचीयस्की यांची. नैऋत्येच्या पिरिन भागात खाली एक धरलेला खर्ज आणि वर चाल. आणि मग शोप, ज्यांच्याबद्दल वर भरपूर लिहिलं.

याशिवाय मांडणी करणाऱ्याप्रमाणेही रंग बदलतो. कुतेवांचं काम नितळ, पाणी दिसावं तसं. पेतर ल्योंदेव खोडकर, तालाशी खेळणारे. क्युर्कचीयस्कींच्या काही रचना तर सरळ विसाव्या शतकातलं आधुनिक पाश्चात्त्य संगीत आहेत, फक्त गळे गावचे. २०१८ मध्ये याच वृंदाने ऑस्ट्रेलियन गायिका लिसा जेरार्ड हिच्याबरोबर 'बूचीमिश' नावाचा अल्बम केला, त्यात वाद्यंही आहेत आणि सूर बराच आजचा आहे. काही जुन्या चाहत्यांनी नाक मुरडलं. मला तो आवडतो, सगळा नाही, निम्माशिम्मा.

तालात काहीतरी लंगडतं असं वाटतं. काय भानगड आहे?

हा प्रश्न तबला शिकणाऱ्या एका मुलाने विचारला आणि उत्तरही त्यानेच अर्धं दिलं: "मावशी, हा रूपक उलटा आहे का?" जवळपास तसंच. आपला रूपक सात मात्रांचा, ३-२-२. त्यांची राचेनित्सा ही सातची, पण २-२-३. पायदुश्को पाचचा, २-३. म्हणजे झपतालाचं अर्धं अंग. दायचोवो नऊचा, २-२-२-३. कोपानित्सा अकराचा, २-२-३-२-२. आणि मघाशी ज्या 'बूचीमिश'चं नाव आलं तो पंधराचा नाच: २-२-२-२-३-२-२.

फरक वेगात आहे. हे सगळं इतकं जलद जातं की नाचणारा मात्रा मोजतच नाही. तो फक्त "आखूड, आखूड, लांब" अशी पावलं टाकतो. त्या एका लांब पावलामुळे बाहेरच्याला लंगडल्यासारखं वाटतं. हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक या तालांवर इतका भाळला की त्याने याला 'बल्गेरियन ताल' असंच नाव दिलं आणि 'मिक्रोकॉस्मोस' या पियानोच्या पाठमालेचा शेवट या तालांतल्या सहा नाचांनी केला. तिहाई आणि सम यांवर वाढलेल्या कानाला हे अवघड जायचं कारण नाही. रूपकात हात बसला असेल तर एक दुपार पुरते.

गाण्यांत म्हणतात तरी काय?

रोजचंच. मेंढ्या, लग्न, सासर, मळणी, परतून न आलेला मुलगा. तीन उदाहरणं देते, कारण लोकांना वाटतं की असल्या भव्य आवाजात काहीतरी उपनिषदाएवढं चाललं असेल.

'पोलेग्नाला ये तोदोरा' हे कुतेवांनी मांडलेलं गाणं. तोदोरा नावाची मुलगी ऑलिव्हच्या झाडाखाली झोपली आहे. वारा सुटतो, एक फांदी मोडून पडते आणि ती जागी होते. मग ती वाऱ्यावर चिडते: तुला आत्ताच वाहायचं होतं? माझ्या स्वप्नात माझा सखा फुलं घेऊन आला होता, फुलांबरोबर सोन्याची अंगठी होती. संपलं गाणं. आपल्या गौळणीतली राधा याहून वेगळी काय भांडते?

'एरगेन देदा' म्हणजे लग्नाळू म्हातारा. टोपी तिरकी करून आजोबा गावच्या नाचात घुसतात आणि पोरी पळ काढतात. मांडणी ल्योंदेव यांची, आणि वृंद पोरींची ती पळापळ आवाजाने दाखवतो.

'दिल्मानो, दिलबेरो' मध्ये मिरचीची रोपं कशी लावायची ते विचारलं आहे: टोच, दाब, वगैरे. गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहिलं की मिरचीबद्दल बोलणं चाललेलं नाही हे कळतं. आणि 'दिलबेरो' हा शब्द ओळखीचा वाटला असेल तर बरोबर आहे. तो आपला दिलबरच. फारसीतून तुर्कीत, तुर्कीतून बाल्कनच्या खेड्यात. आपल्याकडे तो दुसऱ्या वाटेने आला.

सगळ्या बायकाच का?

गावात कामं वाटलेली होती, तसं गाणंही. गायदा, कावाल, गादुल्का ही वाद्यं बहुतेक पुरुष वाजवायचे. नाताळात घरोघर फिरून गायची गाणी त्यांची, बंडखोरांची गाणीही बरीचशी त्यांची. कापणीची, लग्नाची, आणि 'सेद्यान्का'ची गाणी बायकांची. सेद्यान्का म्हणजे दिवेलागणीनंतर मुली-बायकांनी एका घरी जमून सूत कातत, विणत घालवलेली रात्र. हात कामात, तोंड मोकळं.

दुसरा प्रसंग 'लाझारूवाने'. ईस्टरच्या आठवडाभर आधी, लाझारच्या शनिवारी, वयात आलेल्या मुली फुलांनी नटून घरोघर जातात, गातात, नाचतात आणि अंडी वगैरे घेऊन येतात. ही मुलींची वयात येण्याची पायरी मानली जाई. मला यात भोंडल्याची बहीण दिसते, फक्त हत्ती नाही आणि खिरापत दुसऱ्या घरची. दोन आवाजांत गायची सवयही बऱ्याच भागांत बायकांनीच जपली. रेडिओला वृंद बांधायचा होता तेव्हा तयार माल हा असा होता.

वाद्यं का ऐकू येत नाहीत?

बऱ्याच रचना वाद्यांशिवायच्याच आहेत. काहींत असतात: गायदा म्हणजे कातडी पिशवीची पुंगी, कावाल म्हणजे मेंढपाळाची लांब बासरी, गादुल्का म्हणजे गजाने वाजवायचं सारंगीच्या कुळातलं वाद्य, तांबुरा आणि तापान नावाचा मोठा ढोल.

यांचं गाणं अंतराळात गेलंय म्हणे?

या वृंदाचं नाही, पण त्याच मातीतलं गेलं आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात वाल्या बाल्कान्स्का या रोदोपीच्या गायिकेचं गाणं आहे, देल्यो नावाच्या बंडखोराचं, साथीला दोन खर्जातल्या गायदा. साधारण पाच मिनिटांचं. वृंद नाही, एकटी बाई.

आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांचं. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मी सत्रात ही दोन गाणी पाठोपाठ लावते. एकीचा आवाज उघड्या डोंगरासाठी घडलेला, दुसरीचा मैफलीसाठी, पण दोघींच्या स्वराला तीच ताठ कणखर बैठक. मागे बसलेल्या एका आजोबांनी पहिल्यांदा मान डोलावली ती इथे.

इंग्लंड-अमेरिकेत हे कसं पोचलं?

कॅसेटवरून कॅसेट करत. सेलिए यांची रेकॉर्ड १९७५ ची, पण दहा-अकरा वर्षं ती फारशी कोणाच्या कानी नव्हती. 'बाउहाउस' या इंग्लिश रॉक बँडचा गायक पीटर मर्फी याने तिची टेप आयव्हो वॉट्स-रसेल याला दिली. हा '४एडी' या छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक. त्याने १९८६ मध्ये ती पुन्हा काढली आणि काळे कपडे घालून फिरणारी तिथली तरुण पोरं सोफियाच्या बायकांची भक्त झाली. दुसऱ्या भागाला १९९० मध्ये पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. इंग्लिश गायिका केट बुश हिने तिच्या १९८९ च्या अल्बममध्ये 'त्रियो बुल्गार्का' या तिघींना गायला बोलावलं, त्यांत वर आलेल्या यांका रुपकिना होत्या. 'झीना' ही मालिका टीव्हीवर पाहिली असेल तर तिच्या सुरुवातीच्या संगीतातही एक बल्गेरियन वृंदगीत दडलेलं आहे: ल्योंदेव यांचं 'कावाल स्विरी'.

सरकारने उभा केलेला वृंद म्हणजे सरकारी प्रचारच ना?

काही अंशी हो, आणि हे लपवून गाणं ऐकवणं मला पटत नाही. तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीला 'आमचं राष्ट्र, आमची जनता' हे चित्र मंचावर आणि परदेशात दाखवायचं होतं. त्यासाठी पगार दिले, कोतेल आणि शिरोका लाका इथे लोकसंगीताच्या शाळा काढल्या, संगीतकारांना काम दिलं. चित्रात जे बसत नव्हतं त्याला बाहेर ठेवलं. रोमा आणि तुर्की वादकांच्या लग्नातल्या संगीतावर बंधनं होती आणि १९८४-८५ मध्ये तर तुर्की अल्पसंख्याकांना सक्तीने बल्गेरियन नावं घ्यायला लावली. त्याच देशाचा नावाजलेला वृंद त्याच सुमारास 'दिलबेरो' म्हणून गात होता. नावं पुसता आली, गाण्यातला दिलबर कोणाला पुसता आला नाही.

१९८९ नंतर राजवट गेली आणि सरकारी पैसाही आटला. मग परदेशदौऱ्यांचा आधार झाला.

असे आणखी वृंद आहेत का? नावांचा गोंधळ होतो.

होतो, कारण 'बल्गेरियन व्हॉइसेस' हे शब्द कोणीही लावतं. कुतेवांचा मूळ संच वेगळा, त्यात नाच आणि वाद्यंही. 'आंजेलिते' हा आणखी एक स्त्रीवृंद, त्यांनी रशियाच्या सायबेरियातल्या तुवा प्रांताच्या 'हून-हूर-तू' या घशातून गाणाऱ्या पुरुषांबरोबर केलेलं काम जरूर ऐका. आणि मांडणी नको, गावचंच हवं असेल तर सोफियाजवळ व्हितोशा डोंगराच्या पायथ्याच्या बिस्त्रित्सा गावातल्या 'बाबी', म्हणजे आज्या. त्यांच्या शोप गायकीला आणि लाझारूवानेला युनेस्कोने २००५ मध्ये वारसा म्हणून गौरवलं. आधी आज्या ऐका, मग वृंद. कुतेवांनी काय ठेवलं आणि काय घातलं ते आपोआप कळेल.

आमच्या भजनी मंडळाला यातलं काही जमेल का?

आम्ही करून पाहिलं आहे, म्हणून सांगते: जमतं, पण टाळ-पेटी बाजूला ठेवा. पेटी तर नक्कीच, तिच्या आधाराने कान आळशी होतो. आधी सहा-सात जणींनी एकच खर्ज धरायचा आणि श्वास वेगवेगळ्या वेळी घ्यायचा, म्हणजे धार तुटत नाही. मग दोघी पुढे. एकीने सा, दुसरीने रे. आकार नको, 'ए' किंवा 'ओ' घ्या, दात दिसू द्या, समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीला हाक मारायची आहे असा आवाज लावा. रे वाली पहिल्या दिवशी हटकून घसरून सा वर येईल, कारण आयुष्यभर तिला तेच शिकवलंय. मग दोघी हसतील. पाचव्या-सहाव्या खेपेला एकदा, दोन-तीन सेकंदांपुरतं, ते खरखरणं थांबून घणघणायला लागतं. आमच्याकडे तेव्हा खर्ज धरलेल्या सगळ्या बाया बंद पडल्या आणि खालच्या मजल्यावरून फोन आला, "वर काही वाजतंय का?"